कानातली शिट्टी आणि मी लिहिलेले खोटे आकडे

ज्यांच्या कानात सतत आवाज येतो त्यांच्यासाठी हे लिहायला बसले आहे. ज्यांच्या कानात येत नाही त्यांनी वाचलं तरी माझी हरकत नाही. त्यांच्या घरात असं कुणीतरी असेल, आणि ते माणूस बोलत नसेल, एवढंच. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते वाचनालयातून आणि लोकांशी बोलून आलं. त्यामुळे मी बोलते तसंच लिहिणार. मध्येच भरकटले तर सांभाळून घ्या.

औषधांची नावं यात सापडणार नाहीत. ती तुमचे डॉक्टर सांगतील. मी माझी एक चूक सांगणार आहे. ती कुठल्याच डॉक्टरांच्या पुस्तकात नसेल असं मला वाटतं.

*

दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारची जेवणं झाली होती, ओटा पुसून झाला होता, आणि मला शिट्टी ऐकू आली. बारीक, एकसुरी, न थांबणारी. कुकर तर घासून पालथा घातलेला. मग शेजारच्यांचा असेल म्हणून दार उघडून पाहिलं, तर त्यांच्या दाराला कुलूप. फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, इन्व्हर्टरला कान लावून बसले. शिट्टी आहे तशीच. शेवटी वाटलं, सोसायटीची पाण्याची मोटर चालू राहिली असणार. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ते नेहमीचंच. सेक्रेटरींना फोन केला.

"अहो, मोटर बंद करा की. कधीची शिट्टी मारतेय."

"काकू," ते म्हणाले, "मोटर परवाच जळलीये. दोन दिवस टँकरचं पाणी पितोय आपण. गोड लागलं नाही का?"

पुण्यातल्या सेक्रेटरींकडून याहून सरळ उत्तर मिळत नाही. मी फोन ठेवला. मोटर नाही, कुकर नाही, म्हणजे हे माझ्या आतलं आहे. मी कान दाबून पाहिले. बाहेरचा रस्ता थांबला. शिट्टी थांबली नाही.

*

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट माझ्या कानाची जेवढी आहे तेवढीच त्यांच्या गळ्याची आहे.

हे सिटी बसमध्ये कंडक्टर होते. एकतीस वर्षं. गाडी कितीही भरलेली असो, मागच्या दारातून आवाज दिला की पुढच्या सीटवरचा माणूस दचकून उठायचा. "पुढे सरका, पुढे घर बांधायचंय का?" असं ते म्हणायचे आणि लोक हसत हसत सरकायचे. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं हे माझ्यावर ओरडतायत. नंतर कळलं, ते साखर मागत होते.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी त्यांना कंपवात सुरू झाला. आधी उजवा हात, मग चाल, मग आवाज. आवाज असा गेला, जसा रेडिओ कुणीतरी रोज थोडाथोडा बारीक करत नेतोय. डोकं मात्र शाबूत आणि जीभ तशीच तिखट. फरक एवढाच की आता ती तिखट वाक्यं कुजबुजीत यायची, आणि एकेका वाक्यासाठी त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

ती कुजबुज कळणारं माणूस मी एकटी होते. मुलगा नितीन हिंजवडीला नोकरीला, सकाळी कंपनीच्या बसनं जातो तो अंधार पडल्यावर येतो. सून अश्विनी घरून काम करते, चांगली आहे, पण तिला त्यांचे शब्द लागायचे नाहीत. ती मलाच विचारायची, "आई, बाबा काय म्हणतायत?" मी सांगायची. मला त्याचा, खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही होता.

आणि नेमकी ती कुजबुज जिथे राहायची, त्या जागी शिट्टी येऊन बसली.

*

कानाच्या डॉक्टरांकडे हे स्वतः काठी टेकत माझ्यासोबत आले होते. डॉक्टर तरुण, हसतमुख. कानात बत्ती घालून बघितलं, बंद खोलीत बसवून आवाज ऐकवले, कागदावर उतरती रेघ काढली.

"आजी, याला कर्णनाद म्हणतात. वयानं ऐकू येणं थोडं कमी झालंय, त्यातून हा सुरू झालाय. घाबरण्यासारखं काही नाही."

"जाणार कधी?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. डॉक्टर पेन खाली ठेवतात तेव्हा समजून जावं. "बहुतेक जाणार नाही. पण सवय होते. हळूहळू मेंदू दुर्लक्ष करायला शिकतो."

मला वाटलं होतं मेण निघेल. घरून तेल घालून गेले होते मी. तुम्हीही कुणी तसं करत असाल तर नका करू. डॉक्टर मला हसत हसत रागावले.

येताना रिक्षात हे काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि पुन्हा म्हटलं, "तुझ्या कानात हॉर्न, माझा ब्रेक फेल. गाडी डेपोत जमा करा आता." मी रडत होते ती हसले. त्या दिवसाचं तेवढंच सुख मला नीट आठवतं.

*

ऐकायचं यंत्रही लावून पाहिलं. त्यानं भांडी मोठी झाली, गाड्या मोठ्या झाल्या, अश्विनीच्या मीटिंगमधली माणसं मोठी झाली. ह्यांची कुजबुज मात्र शिट्टीच्या खालीच राहिली. पुष्कळांना त्या यंत्राचा उपयोग होतो, तुम्ही जरूर बघा. माझं नशीब वेगळं.

मग मी एक गोष्ट सुरू केली. ह्यांनी काही म्हटलं आणि कळलं नाही, की "हो" म्हणायचं. कारण पुन्हा विचारलं की ते पुन्हा सगळा जोर लावणार, पुन्हा घाम येणार, पुन्हा खोकला येणार. माझ्या बहिरेपणासाठी त्या माणसाला किती दमवायचं? "हो" म्हटलं की मान डोलवून ते गप्प बसायचे. मला वाटायचं, चाललंय की.

एका दुपारी अश्विनी पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि दारातच थांबली. हे मला काहीतरी विचारत होते आणि मी "हो हो" म्हणत होते. ती एकदम हसायला लागली.

"आई, एवढं तर मलासुद्धा कळलं. बाबा विचारतायत, मी गाढव आहे का? आणि तुम्ही तिसऱ्यांदा हो म्हणताय!"

ह्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. म्हणजे ओठ हसत होते, कंपवातात चेहरा तसाही कमीच हलतो, पण डोळे माझ्याकडे रोखलेले. त्यांनी परीक्षा घेतली होती माझी. मीही हसले, आत गेले, आणि नळ सोडून रडले.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं कमी केलं. रागानं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. बोलून उपयोग नाही असं एकदा माणसानं ठरवलं की तो फार शांत होतो, आणि ती शांतता बघवत नाही. कानात चोवीस तास शिट्टी आणि समोर गप्प बसलेला माणूस. त्यांचा आवाज पूर्ण जायच्या आत मला ऐकू यायला हवं, एवढी एकच गोष्ट मी तेव्हा देवाकडे मागत होते.

*

पट्ट्याची बातमी अश्विनीनंच आणली. शहरातल्या एका रुग्णालयात कानाच्या विभागात एक नवीन उपकरण तपासून बघत होते. मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधायचा, फोनमधून सूर लावायचे, आणि प्रत्येक सुराबरोबर पट्टा मनगटावर वेगवेगळ्या जागी थरथरतो. कान आणि कातडी दोन्हीकडून एकच निरोप गेला की मेंदू शिट्टीकडे लक्ष देणं सोडतो, अशी त्यामागची कल्पना. रोज अर्धा तास. बारा आठवडे. आणि रोज एका तक्त्यात आकडा लिहायचा: आज कानातल्या आवाजाचा त्रास किती? शून्य म्हणजे नाहीच, दहा म्हणजे सहनच होत नाही.

विभागाच्या मॅडमनी नीट समजावलं. पट्टे दोन प्रकारचे आहेत, एकात थरथर सुराशी जुळते, दुसऱ्यात जुळत नाही. कुणाला कुठला मिळाला हे पेशंटला सांगायचं नाही, आकडे गोळा करणाऱ्या मुलीलाही माहीत नसतं. मराठीत छापलेला आठ पानी कागद दिला. मी सगळा वाचला, वाचल्याशिवाय सही करणारी मी नाही. त्यात एक वाक्य होतं: तीन आठवड्यांत ज्यांचा आकडा उतरणार नाही त्यांचा पट्टा काढून घेऊन दुसरा देण्यात येईल.

"काढून घेऊन" वाचलं आणि माझे डोळे तिथेच थांबले. मला शाळा आठवली. जे नापास त्यांना वेगळ्या तुकडीत बसवायचे, मग त्यांच्याकडे कुणी बघायचं नाही. मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी पट्टा काढून घेऊ द्यायचा नाही.

आकडे गोळा करणारी मुलगी म्हणजे मयूरी. यवतमाळची, शनिवार पेठेत एका खोलीत तिघींबरोबर राहणारी, कानाचंच शिक्षण घेणारी. पहिल्याच दिवशी बंद खोलीत माझ्या डोक्यावर ते भलंमोठं हेडफोन चढवताना म्हणाली, "काकू, घाबरून नका राहू बरं. आवाज आला का बटण दाबा, नाही आला तर नका दाबू. एवढंच."

त्या बंद खोलीत बाहेरचं काहीही येत नाही. तिथे पहिल्यांदा मी माझी शिट्टी एकटी, पूर्ण ऐकली. केवढी मोठी होती ती. बाहेर आल्यावर मयूरीनं विचारलं, "किती काकू, शून्य ते दहात?" मी म्हटलं, "आठ." तो आठ खरा होता.

*

अर्धा तास मी जेवणाआधी बसायची, बाल्कनीजवळच्या खुर्चीत. ट्यां ट्यां असे सूर, वर जाणारे, खाली येणारे, आणि मनगटावर मुंगी चालल्यासारखी थरथर. हे समोर बसायचे. एकदा त्यांनी हात पुढे करून माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरतोय, पट्टा थरथरतोय, कुणाचं काय ते कळेना. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, कुठल्या कंपनीचा? मी म्हटलं, "तुमच्याच." खूप दिवसांनी ते मनापासून हसले.

पण शिट्टी? शिट्टी तशीच होती. पहिला आठवडा आठ, दुसरा आठ.

तक्त्यात मात्र मी दुसऱ्या आठवड्यात सात लिहिलं. मग सहा. तिसऱ्या आठवड्यात पाच.

का, ते सांगते. एक म्हणजे तो "काढून घेऊन". दुसरं, आमच्या घरात आजारी माणसाला कसं आहे विचारलं तर तो "बरं आहे" म्हणतो. माझी आई तापानं फणफणलेली असताना दारात आलेल्या बाईला "बरं आहे, बसा ना, चहा टाकते" म्हणायची. कुणाच्या घरी भाजीत मीठ नसलं तरी आपण "छान झालीये" म्हणतो. समोरच्यानं एवढे कष्ट घेतलेत, त्याचं मन मोडायचं नाही, हे आम्हाला जेवायला शिकवतानाच शिकवलेलं. आणि तिसरं म्हणजे मयूरी.

तिसऱ्या आठवड्याच्या तपासणीला गेले तेव्हा ती उतरलेल्या तोंडानं बसली होती. आधीच्या एका गृहस्थांनी तिला झापलं होतं, तुमच्या खेळण्यानं माझा आवाज वाढला म्हणून. मी डब्यातून कोथिंबिरीच्या वड्या काढल्या. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. खाता खाता तिनं माझा तक्ता उघडला आणि तिचा चेहराच बदलला.

"काकू! आठाचे पाच? तुम्ही तर कमालच करून राहिल्या!" मग गंभीर होऊन म्हणाली, "पण खरं आहे ना काकू? खरं असंल तेच लिहा हं."

"अगं, खोटं कशाला लिहू?"

त्या मुलीच्या डोळ्यांत बघून मी हे म्हटलं.

*

आठव्या आठवड्यात ह्यांना पाणी पिताना ठसका लागला, ते छातीत उतरलं आणि ताप चढला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दाखल केलं. वेगळा दवाखाना, घराजवळचा.

दवाखान्याचा दिवस कसा असतो ते ज्यांनी काढला त्यांना ठाऊक आहे. सहाला चादर बदलणार, सातला रक्त, नऊला मोठे डॉक्टर, आणि ते येऊन गेले की उरलेला दिवस ते काय म्हणाले याचा अर्थ लावण्यात जातो. नितीन आणि अश्विनी आळीपाळीनं यायचे. एकदा ते दोघं जिन्याजवळ भांडले. "आईला काही सांगून ठेवता येत नाही, तिला ऐकूच येत नाही, आणि ती हो म्हणते," असं नितीन म्हणाला. तो वैतागलेला होता, दमलेला होता. आणि ते मला नेमकं स्पष्ट ऐकू आलं.

एक बरी गोष्टही सांगते. वॉर्डात एक मावशी होत्या, फरशी पुसायच्या. त्यांना माझ्या कानाचं कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या समोर येऊन उभ्या राहायच्या, माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलायच्या. "ताई, च्या घ्या. तुमी पडला तर त्यांच्याकडं कोण बघनार हाय?" आजारी माणसाच्या घरच्यांना कसं बोलावं, हे त्या बाईंकडून शिकावं.

पाचव्या दिवशी सकाळी अश्विनी खाली औषधं आणायला गेली होती. मी एकटी होते. ह्यांनी ऑक्सिजनचा मास्क हातानं खाली ओढला आणि मला खूण केली. मी वाकले. त्यांनी माझं मनगट धरलं, ज्याच्यावर मी रोज पट्टा बांधायची तेच, आणि ते बोलायला लागले.

एकदोन शब्द नव्हते. चांगलं मिनिटभर बोलले. मध्ये थांबले, श्वास घेतला, पुन्हा बोलले. गेल्या वर्षभरात ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. त्यांचे ओठ मला दिसत होते. यंत्राची टिकटिक होती, मास्कमधून वारा सुटत होता, आणि सगळ्याच्या वर माझी शिट्टी. मला एक अक्षर कळलं नाही.

मी काय करायला हवं होतं? सिस्टरला हाक मारायला हवी होती. फोन पुढे धरून आवाज भरून घ्यायला हवा होता, अश्विनीनं शिकवलं होतं मला ते. निदान, कळलं नाही असं सांगायला हवं होतं. पण कपाळावर घाम बघितला आणि माझ्या तोंडून निघालं, "हो. हो. मी बघते सगळं. तुम्ही काळजी नका करू."

त्यांनी डोळे मिटले. मी मास्क वर केला.

तीन दिवसांनी आम्ही घरी आलो. हे वाचले, ताप गेला, छाती मोकळी झाली. आवाज मात्र त्या सकाळनंतर आला नाही. डॉक्टर म्हणाले, आधीच थोडा उरला होता, या आजारपणात तोही संपला, परत येईल असं वाटत नाही.

*

बाराव्या आठवड्यात माझी शेवटची तपासणी होती. तक्त्यात तोवर मी दोनवर आले होते. काय लिहितेय याकडे माझं लक्षच राहिलं नव्हतं, जिना उतरल्यासारखी उतरत गेले होते. मॅडमनी मला समोर बसवलं. मयूरी बाजूला.

"आजी, एक कोडं पडलंय. तुम्ही दोन लिहिलंय. पण बंद खोलीत तुमच्या शिट्टीएवढा आवाज आम्ही तुमच्याकडूनच जुळवून घेतो ना, तो पहिल्या दिवशी होता तेवढाच आज आहे. आणि तुमच्याकडे जो पट्टा होता त्याची थरथर सुराशी जुळत नव्हती. त्यानं एवढा फरक पडायला नको होता."

मी पदराशी खेळत राहिले.

"तिसऱ्या आठवड्यात तुमचा आकडा उतरला नसता तर आम्ही तेव्हाच दुसरा दिला असता. जुळणारा."

म्हणजे तो कागदातला "दुसरा". नापासांची तुकडी नव्हती ती. मी तिथेच बोटांवर मोजलं. तिसरा ते आठवा. पाच आठवडे. पाच आठवडे ह्यांच्या गळ्यात अजून आवाज होता, आणि खरा पट्टा मॅडमच्या कपाटात होता, आणि मी पाच लिहून, चार लिहून, तीन लिहून तो तिथेच ठेवला होता.

मी सगळं सांगितलं. आठ होता, रोज आठच होता, म्हणून सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. "आजी, वाईट आकडा आम्हाला जास्त कामाचा असतो," एवढंच म्हणाल्या. माझे आकडे आता हिशेबात धरता येणार नाहीत असंही सांगितलं. मयूरी मात्र रडकुंडीला आली.

"काहून केलं काकू असं? मी दर वेळी विचारून राहिली होती ना तुम्हाला, खरं सांगा म्हणून?"

"तुला वाईट वाटेल म्हणून गं."

"मला?" ती म्हणाली. "मला वाईट वाटू द्यायचं होतं ना काकू."

त्या दिवशी डबा तिनं उघडला नाही. तसाच माझ्या पिशवीत परत ठेवला.

*

मॅडमनी मला जुळणारा पट्टा दिला, अभ्यासाच्या बाहेर, मला उपयोग होतोय का ते बघायला. बारा आठवडे पुन्हा बसले, त्याच खुर्चीत. या वेळी जे होतं ते लिहिलं. आठ, आठ, आठ, एक दिवस नऊ, मग आठ. नऊ सांगितला त्या दिवशी मयूरी पहिल्यांदा पुन्हा नीट बोलली. "थँक्यू काकू," म्हणाली आणि लिहून घेतला. सातव्या आठवड्यात सात झाला. शेवटी सहा. आज मी सहावर आहे. फार नाही, पण हा सहा खरा आहे.

सहा म्हणजे काय ते सांगते. शिट्टी गेलेली नाही. पण आता ती शेजारच्या खोलीत असल्यासारखी वाटते. चहा उकळताना ऐकू येतो. अश्विनीला मी "पुन्हा सांग" कमी वेळा म्हणते. ह्यांचा श्वास, जवळ बसलं तर, ऐकू येतो.

नितीन म्हणतो, "आई, तो पट्टा आधी मिळाला असता तरी बाबांचं तेव्हाचं बोलणं तुला कळलंच असतं असं नाही." बरोबर आहे त्याचं. पाच आठवड्यांत सहा झाला असता की नाही, आणि सहावर ती कुजबुज लागली असती की नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण ते आता मला कधीच कळणार नाही. त्याचं ओझं मीच उचलायचं, दुसऱ्या कुणाचं नाही ते.

तुमच्यापैकी कुणी असल्या तपासणीला बसणार असाल, किंवा साध्या डॉक्टरांपुढे बसणार असाल, तर एवढंच करा. कसं आहे विचारलं की जे आहे ते सांगा. डॉक्टरांचं मन मोडत नाही. नर्सचं मोडत नाही. मुलांचं मोडलं तर मोडू दे, ती सावरतात. आणि घरातल्या माणसाचं बोलणं कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. त्याला दमू द्या. मी ह्यांना दमू दिलं नाही, आणि त्यातून काय वाचवलं ते मला अजून सापडलेलं नाही.

*

ह्यांना सांगायचं राहिलं होतं. मयूरीला सांगितलं, मॅडमना सांगितलं, मुलाला सुनेला सांगितलं, आणि ज्यांना पहिल्यांदा सांगायला हवं त्यांना तीन महिने सांगितलं नाही. मला वाटायचं, निदान त्यांना तरी वाटू दे की बायकोनं ऐकलं. ते डोळे मिटून समाधानानं पडले होते ना. मग ते कशाला हिरावून घ्या?

त्यांना आता लिहिता येत नाही. नितीननं अक्षरांचा मोठा तक्ता आणला होता, पण हात अक्षरावर थांबत नाही. पाणी, औषध, कूस बदलायची, एवढं खुणांनी कळतं. मनातलं काही कळत नाही.

परवा दुपारी चहा पाजून झाला, तोंड पुसलं, आणि मी त्यांच्या पलंगावर बसले.

"अहो," मी म्हटलं, "दवाखान्यात त्या दिवशी सकाळी तुम्ही बोललात ना, मास्क काढून. मला त्यातलं काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. मी उगाच हो म्हटलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता तोंड फिरवतील. मग त्यांचे ओठ हलायला लागले.

मी वाकले, कान अगदी ओठांना टेकवला. आत शिट्टी होती, दूर. बाहेर नुसती हवा येत होती, उबदार, शब्दाच्या आकाराची, पण आवाज नाही. ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाही ऐकू आलं," मी म्हटलं.

त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा सांगितलं. या वेळी मी ओठांकडे बघत होते. माझं नाव असावं असं वाटलं पहिल्यांदा, पण मी अंदाज केला नाही. कपाळावर घाम आला होता. पदरानं पुसला.

"नाही कळलं हो. पुन्हा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"नाही."

त्यांनी डोळे मिटले नाहीत. थोडे थांबले, माझ्या हातावरची पकड घट्ट केली, आणि चौथ्यांदा तोंड उघडलं.